साडेअकराचा सर्व्हर

जुलैतला पहिला शनिवार, सकाळी दहा. स्थळ: आमच्या कॉलनीतल्या विहाराच्या वरच्या मजल्यावरची अभ्यासिका, कोपऱ्यातली ऑफिसची खोली. हजर: अध्यक्ष, इगतपुरीची मुलगी, सचिव, म्हणजे मी. साडेअकरापासून फोनवर: माझी मुलगी. गैरहजर: खजिनदार, भाचीच्या साखरपुड्यामुळे. विषय एकच: अभ्यासिकेच्या ॲपसाठी क्लाउडवरची कोणती सेवा घ्यायची.

इतिवृत्तात मी एवढंच लिहिलं, आणि खाली ठराव. इतिवृत्तात तेवढंच लिहायचं असतं. बाकीचं इथे लिहिते.

मी तहसील कचेरीत अव्वल कारकून आहे. यादी केल्याशिवाय मला भाजी आणायलाही जाता येत नाही. झालेल्या कामावर बरोबरची खूण करते, राहिलेल्या कामापुढे गोल काढते आणि दुसऱ्या दिवशीच्या यादीत ते काम सर्वांत वर घेते. अभ्यासिकेचं सचिवपद याच सवयीमुळे माझ्या गळ्यात पडलं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. साठ जागा आहेत. सकाळी सहाला दार उघडतं. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलंमुली येतात, निम्मी कॉलनीतली, निम्मी बाहेरगावची. ज्यांची जागा कायम आहे त्यांनी येणार नसल्यास आदल्या दिवशी कळवायचं, म्हणजे ती जागा त्या दिवसापुरती दुसऱ्याला मिळते. पूर्वी हे भिंतीवरच्या फळ्यावर चालायचं. फळ्यावरची नावं पुसली जायची, भांडणं व्हायची. माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हा तिने याच खोलीत बसून महिनाभरात ॲप तयार केलं. ‘उद्या येणार नाही’ असं एक बटण आणि ‘जागा हवी’ असं दुसरं. त्यामागचा सर्व्हरही तिनेच भाड्याने घेतला, तिनेच उभा केला. फळा आम्ही खाली विहारात नेला. आता त्याच्यावर पौर्णिमेच्या कार्यक्रमाची वेळ लिहितात.

मग ती नोकरीसाठी नेदरलँड्सला गेली. सर्व्हर तिच्याच हातात राहिला.

गेल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिने मला सांगितलं होतं, “आई, सर्व्हरची डिस्क भरत जाते. आठवड्यातून एकदा बघावं लागेल. शनिवारी मी फोन करते, तू लॅपटॉप उघडून मला आकडे वाचून दाखव.” वेळ ठरली साडेअकराची. उन्हाळ्यात तिच्याकडे तेव्हा सकाळचे आठ वाजलेले असतात. मी त्यासाठी दोनशे पानी वही केली. रकाने पाडले: तारीख, डिस्क, मेमरी, शेरा.

फोन असा व्हायचा.

“आई, बसलीस? वाच.”

“डिस्क एकसष्ट टक्के.”

“आणि त्याखालची ओळ?”

“चाळीस.”

“छान. मेथी का आज? निवडल्याचा आवाज येतोय.”

“हात रिकामे कशाला ठेवू? तू काय खाल्लंस?”

“ब्रेड. ओरडू नकोस.”

मागून हे ओरडायचे, “तिला विचार, थंडी आहे का!” आणि ती म्हणायची, “बाबांना सांग, जून आहे.” हे पुढच्या शनिवारी पुन्हा तेच विचारायचे. त्यांना थंडीचं काहीच करायचं नसायचं. आपला आवाज तिकडे पोचावा, एवढंच.

इतर दिवशी आमचं बोलणं मेसेजवर. ‘पोचलीस का’, ‘जेवलीस का’, खाली अंगठा. ती अबोल आहे, लहानपणापासून. नुसतं ‘सहज केला’ म्हणून फोन करणं तिच्या स्वभावात नाही, आणि सहज म्हणून फोन करणं माझ्याही स्वभावात नाही. दोघींना काम लागतं. ते काम होतं सर्व्हर. आकडे दोन मिनिटांत संपायचे, पुढची चाळीस मिनिटं ती तिच्या ओट्यापाशी काहीतरी करत असायची आणि मी माझ्या. चमचा वाजायचा, नळ सुटायचा, तिच्या खिडकीखालून ट्राम गेली की तिची घंटा यायची. कधीकधी दहा मिनिटं कोणीच बोलायचं नाही. फोन मात्र चालू.

म्हणून ॲपसाठी नवी सेवा घ्यायची, जिथे डिस्क-बिस्क काही बघावंच लागत नाही, असा विषय पहिल्यांदा निघाला, तेव्हा मी इतिवृत्तात लिहिलं, ‘वेळेअभावी पुढील सभेत घेण्यात यावा.’ पुढच्या सभेतही तेच लिहिलं. तिसऱ्या सभेत अध्यक्षांनी चष्म्यावरून बघितलं. आमचे अध्यक्ष ओझरच्या विमान कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले, वय अडुसष्ट. मी त्यांना भाऊ म्हणते, पोरं काका म्हणतात.

“ताई, मागच्या सभेला चहा प्यायला अर्धा तास होता. आणि वेळेअभावी?”

मी म्हटलं, “भाऊ, तो विषय मोठा आहे.”

“मोठा आहे म्हणून तर आधी घ्यायचा.”

तरी मी तो ढकललाच. मग जूनमधला तो सोमवार आला.

त्या दिवशी सकाळी पावणेसहाला ॲप उघडेना. लाल अक्षरात काहीतरी इंग्रजी यायचं आणि बंद. सर्व्हरचं सुरक्षेचं प्रमाणपत्र संपलं होतं, जे आपोआप नवं व्हायला हवं होतं ते झालं नव्हतं. हे आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळत होतं की कोणाची जागा कुठली ते सांगणारं कोणी नाही. मुलीला फोन लावला तर बंद. ती कंपनीच्या कामाला निघाली होती, विमानात होती. दुपारी उतरल्यावर तिने बिचारीने विमानतळाच्या फरशीवर बसून ते दुरुस्त केलं. पण तोवर सात तास गेले होते.

त्या सात तासांत खाली जिन्यात एक मुलगी बसून होती. हरसूलची. तिची जागा कायम नव्हती. कोणी सोडली तरच तिला मिळायची, आणि मिळाली तरच ती पहिली एसटी पकडून यायची. आदल्या संध्याकाळी तिला जागा मिळाली होती. आली तेव्हा तिथे कॉलनीतला एक जण बसलेला. तो म्हणे, दाखव कुठेय तुझी नोंद. नोंद ॲपमध्ये, ॲप बंद.

ती मला म्हणाली, “मॅडम, मी काल दाबलं व्हतं. हिरवं आलं व्हतं.” रडली नाही. पुस्तक मांडीवर घेऊन जिन्यातच वाचत बसली. साडेबाराच्या गाडीने परत गेली. पूर्वपरीक्षा पंधरा दिवसांवर होती.

मी घरी आले आणि तीन सभांची इतिवृत्तं काढून वाचली. अक्षर सुरेख होतं. ‘वेळेअभावी’ तिन्हीकडे.

म्हणून जुलैच्या सभेला मी विषयपत्रिकेत दुसरा विषयच ठेवला नाही.

नवं ॲप करणार होती ती इगतपुरीची मुलगी. ती चार वर्षं आमच्याच अभ्यासिकेत होती. परीक्षेचा नाद सोडून सॉफ्टवेअरमध्ये गेली, आता अंबडच्या एका कंपनीत नोकरी करते आणि आमचं काम सुट्टीच्या दिवशी, हौसेने. वडील रेल्वेत गँगमन होते. बोलायला फटकळ, कामाला चोख. तिने तीन सेवा निवडून आणल्या होत्या. मी त्यांचा तक्ता केला: वर तीन रकाने, डावीकडे आमच्या गरजा.

गरजा मी आठवडाभर गोळा करत होते. कचेरीत जाताना बसमध्ये सुचलं की तिकिटाच्या मागे लिहायची. पहिली: रेंज नसली तरी बटण दाबता आलं पाहिजे. हरसूलच्या मुलीला गावाबाहेरच्या टेकाडावर जाऊन रेंज मिळते. दुसरी: लॉगिनला मोबाइल नंबर नको, कारण गावाकडे एका फोनवर तीन भावंडं असतात आणि ॲप तिघांना एकच माणूस समजतं. प्रवेश क्रमांक आणि चार आकड्यांचा पिन हवा. तिसरी: आम्ही कोणीही झोपलेले असो, विमानात असो, ते चालू राहिलं पाहिजे. चौथी गरज भाऊंनी सांगितली. “जागा कोणाकडून कोणाला आली, ते दिसलं पाहिजे. सुरुवातीपासून.”

ही आमच्याकडची रीत आहे. नोकरी लागली की तो मुलगा किंवा मुलगी पेढे घेऊन येते आणि आपली जागा पुढच्याच्या हवाली करते. कोणाला द्यायची ते तोच ठरवतो. बहुतेक वेळा जवळच्या मित्राला देत नाहीत, जिद्दीने बसणाऱ्याला देतात. रजिस्टरात ओळ लिहायची: जागा क्रमांक नऊ, अमक्याकडून तमक्याला. नवव्या जागेवर आतापर्यंत अकरा जण बसून गेले. त्यांतला एक आमच्याच कचेरीत नायब तहसीलदार होऊन आला आणि मला “मॅडम, मी जागा नऊ” अशी ओळख करून देता झाला.

इगतपुरीची म्हणाली, “याच्यामुळेच पहिली सेवा गळते, काकू. तिच्यात सगळं सुट्या लिफाफ्यांसारखं ठेवतात. प्रत्येक मुलाचा एक लिफाफा. एका मुलाची माहिती झटकन निघते. पण नववी जागा कोणाकडून कोणाकडे गेली हे विचारलंत, तर सगळे लिफाफे फोडत बसावं लागणार.”

“आणि ती सोपी आहे म्हणालीस ना?” मी विचारलं.

“सगळ्यात सोपी आहे. दोन दिवसांत ॲप उभं करून देते. रेंज नसतानाचं पण ती छान सांभाळते. पण तुमचं हे पेढे-प्रकरण तिला झेपणार नाही. म्हणजे झेपेल, पण मला प्रत्येक वेळी कसरत.”

दुसरी सेवा खूप मोठी होती. तिच्या पहिल्याच पानावर इतकी चित्रं आणि इतकी नावं होती की भाऊ म्हणाले, “हे तर आमच्या कारखान्यातलं स्टोअर झालं. एक नट पाहिजे असला तरी चार खिडक्या.”

“बरोबर, काका. याच्यात काहीही करता येतं. पण प्रत्येक नट आपणच पिळायचा. उद्या मी लग्न करून कुठे गेले तर कोण पिळणार?”

“जातेस कुठे?”

“कोणी विचारलंच नाही अजून. पण तक्त्यात धरा.”

मी खरंच धरलं. ‘एका व्यक्तीवर अवलंबून: होय.’ लिहिताना हात जरा थांबला, कारण तो शेरा आमच्या चालू व्यवस्थेलाही तंतोतंत लागू होता. भाऊंच्या ते ध्यानात आलं असावं. ते हळू आवाजात म्हणाले, “पोरीची काही चूक नाही, ताई. पण पोरगी एकच आहे.”

तिसरी सेवा रजिस्टरासारखी. आडव्या ओळी, उभे रकाने, एका रजिस्टरातला क्रमांक दुसऱ्या रजिस्टराला जोडलेला. मला ती बघताक्षणी कळली. आमच्या कचेरीत सातबारा आणि फेरफार असेच एकमेकांना बांधलेले असतात. तिच्यात लॉगिन होतं, रोज आपोआप एक नक्कल काढून ठेवण्याची सोय होती, प्रमाणपत्र त्यांचे तेच नवं करत होते. उणीव एकच: रेंज नसतानाचं काम आपल्याला लिहून घ्यावं लागणार होतं. बटण दाबलं की फोनमध्येच नोंद राहील, रेंज आली की वर जाईल.

“मग दोघांनी एकच जागा दाबली असली तर?” मी विचारलं. “एकाची नोंद लगेच गेली, दुसरीची दोन तासांनी.”

“ते तुम्ही ठरवा. मी तसं लिहीन. जी आधी पोचली ती खरी धरू?”

भाऊ ताठ झाले. “नाही. ज्याने आधी दाबलं, त्याची जागा. गावात रेंज नाही हा काय तिचा गुन्हा आहे?”

“पण काका, दाबल्याची वेळ फोनच्या घड्याळावरून घेणार. कोणी घड्याळ मागे करून ठेवलं तर?”

“एवढी अक्कल असली तर तो परीक्षा पास होईल. जागा मोकळीच होणार.”

हसून झाल्यावर आम्ही मधला मार्ग काढला. संध्याकाळी आठपर्यंत आलेल्या सगळ्या नोंदी एकत्र धरायच्या, आणि एका जागेला दोन नोंदी असतील तर लांबून येणाऱ्याला आधी द्यायची. ॲपला हा नियम कोणत्याही कंपनीने तयार दिला नसता. तो ठरवायला जिन्यात बसलेली मुलगी आठवावी लागली.

मग इगतपुरीची म्हणाली, “आता प्रदेश निवडा.” म्हणजे आपली माहिती कुठल्या शहरातल्या यंत्रांवर ठेवायची. तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. लांबलचक यादी. मुंबई होती, सिंगापूर होतं. मी बोटाने खाली खाली गेले आणि युरोपातल्या शहरांपाशी थांबले. माझी मुलगी राहते तिथून रेल्वेने चार-पाच तासांवरचं एक शहर त्यात होतं. एकदा तिने तिथून फोटो पाठवला होता, नदीवरचा पूल आणि डोक्यावर टोपी. आमच्या साठ खुर्च्यांची यादी तिथल्या एखाद्या थंड खोलीत राहील, असं उगाच मनात आलं.

“काकू, मुंबई घ्या. लांबचं घेतलं तर प्रत्येक वेळी बटण दाबलं की उशीर लागेल. आणि हे एकदा निवडलं की नंतर बदलता येत नाही.”

“मुंबईच,” मी म्हटलं. “मी नुसती वाचत होते.”

साडेअकराला फोन आला. मी स्पीकरवर ठेवला. तिने नेहमीसारखं “आई, बसलीस?” म्हटलं, मग भाऊंचा खोकला ऐकून “काका, नमस्कार” म्हणाली.

भाऊंनी तिला सगळं सांगितलं. त्यांनी आडवळणाने सांगितलं, सोमवारचं नाव न काढता. तिनेच काढलं.

“काका, तो सोमवार मला अजून आठवतो. मी एकटीने सांभाळण्यासारखं ते राहिलं नाही आता. तिसरी सेवा घ्या. मी पण तीच घेतली असती.”

“तुझं एवढं केलेलं काढून टाकायचं म्हणजे...” भाऊ म्हणाले.

“जुनं झालंय ते, काका. मी शिकत होते तेव्हाचं. आत बघितलंत तर हसाल.”

“मी बघणारच आहे,” इगतपुरीची म्हणाली. “हसू का?”

“खुशाल हस. आई आहे का तिथे?”

“आहे,” मी म्हटलं.

“तुला चालेल ना?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी तक्त्याकडे बघत होते. तिसऱ्या रकान्यात खाली सगळीकडे बरोबरच्या खुणा होत्या. एकच गोष्ट त्या तक्त्यात लिहिलेली नव्हती, आणि ती लिहायला रकाना नव्हता. हरसूलच्या मुलीच्या जागेपुढे मी काय लिहिणार होते?

“चालेल,” मी म्हटलं. “तक्त्याप्रमाणे तीच बरोबर आहे.”

ठराव एकमताने मंजूर. त्या दिवशी डिस्कचा आकडा वाचायचा राहिला.

दुसऱ्या रविवारी दुपारी इगतपुरीची मुलगी आमच्या घरी आली. जुन्या सर्व्हरवरची माहिती नव्या सेवेत न्यायची होती, आणि आकडे बघायचा लॅपटॉप माझ्याकडे होता. पासवर्ड मुलीने पाठवला होता. हे चहा ठेवायला आत गेले. मी शेजारी वही घेऊन बसले, हलवलेल्या नोंदींची मोजणी करायला.

ती तासभर काम करत होती. मध्येच म्हणाली, “काकू, ताईचं काम नीटनेटकं आहे हो. हसण्यासारखं काही नाही.” मला बरं वाटलं. मग थोड्या वेळाने, स्क्रीनवरून नजर न काढता, “आणि साफसफाई पण रोज आपोआप होतेय. मस्त बसवलंय.”

“कसली साफसफाई?”

“डिस्कची. सर्व्हर स्वतःसाठी ज्या नोंदी लिहितो त्यांतल्या जुन्या रोज पहाटे उडवल्या जातात, जागांच्या नाही. म्हणजे डिस्क भरणारच नाही कधी.”

“हे कधी बसवलंय?”

तिने तारीख वाचली. माझी मुलगी तिकडे गेली त्याच्या पुढच्याच महिन्यातली होती.

मी म्हटलं, “मग मी शनिवारी आकडे वाचते ते?”

“ते तिला तिथूनही दिसतात की. रोज सकाळी मेल पण जातो तिला, हे बघा, तिच्याच पत्त्यावर.” एवढं बोलून तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं गिळलं. मग उगाच म्हणाली, “म्हणजे, दोघींनी बघितलेलं बरंच असतं.”

मी वही उघडली. चार वर्षांचे शनिवार. एकसष्ट, बासष्ट, एकसष्ट, साठ, एकसष्ट. डिस्क भरत जाते असं सांगून दिलेलं काम, आणि आकडा चार वर्षं जागचा हललेला नाही. मी दुसऱ्यांचे ताळमेळ तपासून पोट भरते. कचेरीत असं पान कोणी माझ्यापुढे ठेवलं असतं, तर पहिल्या दहा ओळींतच लाल पेन काढला असता. इथे प्रत्येक ओळीपुढे शेऱ्यात मी स्वतःच्या हाताने ‘ठीक’ लिहिलं होतं.

हे चहा घेऊन आले. “काय झालं? गेली का माहिती उडून?”

“नाही,” मी म्हटलं. “सगळी आहे.”

ती मुलगी गेल्यावर मी ओट्यापाशी उभी राहिले. माझी मुलगी तिकडे गेल्यानंतरचा पहिला महिना कसा गेला असेल, ते माझ्या डोळ्यांपुढे येत होतं. नवं घर, नवी भाषा, संध्याकाळी परत आल्यावर कोणी नाही. एका संध्याकाळी तिने बसून ते साफसफाईचं काम यंत्राला लावून दिलं असणार. तिला ते दहा मिनिटांचं. आणि मग शनिवारी, आता काही वाचायची गरज उरलेली नसताना, फोन उचलून “आई, बसलीस? वाच” म्हणाली असणार. त्या शनिवारी मी काय भाजी निवडत होते ते वहीत नाही. ते लिहायला हवं होतं.

तिला मी हे सांगितलं नाही. विचारलंही नाही. पुढच्या शनिवारी तिने “वाच” म्हटलं, मी वाचलं. ती “छान” म्हणाली. तिच्या आवाजात काही वेगळं आहे का, ते मी कान देऊन ऐकलं. नव्हतं. नंतर बराच वेळ आम्ही दोघी गप्प होतो, आणि मला प्रथमच ठाऊक होतं की ही गप्प बसायची वेळ तिने मागून घेतलेली आहे.

ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात नवं ॲप सुरू झालं. साठही जागा, त्यांच्यामागची सगळी नावं, पहिल्या मुलापासून. हरसूलच्या मुलीने पहिल्याच आठवड्यात टेकाडावरून तीनदा जागा मागितली आणि तिन्हीदा मिळाली. चौथ्या वेळी तिला विचारून आम्ही कोणाच्याच हवाली न करता सोडलेली एक जागा कायमची तिच्या नावे केली. नवी सेवा तेव्हापासून एकदाही बंद पडलेली नाही. तिच्याकडे कोणाला बघावं लागत नाही. भाऊ कधीकधी उघडून बघतात, कारखान्याची सवय म्हणून, आणि “चालू आहे” असं मला सांगतात.

ॲप बदललं त्या शनिवारी मी साडेअकराला लॅपटॉपपुढे बसले नाही. बसायचं कारण नव्हतं. कणीक मळायला घेतली. अकरा पस्तीसला फोन वाजला. पिठाच्याच हाताने उचलला.

“आई, एक राहिलंय,” ती म्हणाली. “जुना सर्व्हर बंद करायला हवा. तो माझ्या नावावर आहे, मलाच करावा लागेल. पण त्याआधी एकदा बघून घेऊ, त्याच्यावर कोणी येत तर नाही ना. लॅपटॉप उघडतेस?”

मी हात धुतले, लॅपटॉप उघडला. कोणी येत नव्हतं. रिकाम्या सर्व्हरचे आकडे मी सावकाश वाचले.

“मग पुढच्या शनिवारी बंद करू,” ती म्हणाली.

“घाई नाही,” मी म्हटलं. “तुला वेळ झाला की कर.”

आता दिवाळी होऊन गेली. तिकडे घड्याळं बदलली, साडेअकराला तिच्याकडे सातच वाजलेले असतात आणि अंधार असतो, तरी फोन साडेअकरालाच येतो. ती दर वेळी म्हणते, आज करायलाच हवं होतं. मी दर वेळी म्हणते, हो ना. तेवढं बोलून झालं की ती ओट्यापाशी जाते आणि मी इकडे. या वर्षी ती येणार होती, सुट्टी मिळाली नाही. मार्चमध्ये बघते म्हणाली. फोनमधून तिचा नळ ऐकू येतो, ती मात्र येत नाही, हे कितीही शनिवार झाले तरी तसंच आहे.

मासिक सभेत मी मागच्या कामांची यादी वाचते. माहिती हलवणे, झालं. पिन वाटणे, झालं. जुन्या रजिस्टराची नक्कल काढणे, झालं. मग चौथ्या ओळीवर आल्यावर भाऊ चष्म्यावरून बघतात.

“बाकीच का अजून?”

“बाकी.”

“बरं. पुढच्या सभेत घ्या,” असं म्हणून ते चहाकडे वळतात. इगतपुरीची मुलगी तेवढ्यात मोबाइलमध्ये काहीतरी बघत असते.

यादीतली ती ओळ अशी आहे. चार: जुना सर्व्हर बंद करणे. जबाबदारी: माझी मुलगी. पुढे मुदतीचा रकाना आहे, तो मी अजून भरलेला नाही.